शब्द सुचत नाहीत तेव्हा माळ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर लागला की आमच्या वसईत संध्याकाळी घराघरातून माळेचा आवाज येतो. माळ म्हणजे आपली रोझरी, मणी मोजत येशूची आई मरिया हिला केलेली प्रार्थना. १८८३ साली पोप तेरावे लिओ यांनी जगभरच्या चर्चना ऑक्टोबरभर माळ म्हणायला सांगितलं, तेव्हापासून हा महिना माउलीचा, म्हणजे मरियेचा. पण आज मला सणावाराचं नाही बोलायचं. मला त्या लोकांशी बोलायचंय ज्यांना सध्या प्रार्थनाच करता येत नाहीये. घरात कुणी आजारी आहे, नोकरी गेलीय, मुलं बोलत नाहीत, आणि देवापुढे बसलं तरी तोंडातून एक शब्द फुटत नाही, अशी वेळ ज्यांच्यावर आलीय ना, त्यांच्याशी.

बरेच जण म्हणतात, अहो ते पाठ केलेलं पुन्हापुन्हा म्हणण्यात काय अर्थ आहे, प्रार्थना कशी मनातून यायला पाहिजे. बरोबर आहे, यायला पाहिजे, पण मनच जाग्यावर नसेल तर? तेव्हा तयार शब्दच उपयोगी पडतात, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

मण्यामण्याला म्हणतात ती 'नमो मरिया' ही प्रार्थना नीट ऐकलीत तर तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, गाब्रिएल दूताने मरियेला केलेला नमस्कार आणि मग तिची नातलग एलिझाबेथ तिला धन्य म्हणते ते. दुसरा भाग मागाहून जोडला गेला, आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात तो पक्का झाला. त्यात आपण तिला विनवतो की आम्हा पाप्यांसाठी आत्ता आणि आमच्या मरणाच्या वेळी प्रार्थना कर. म्हणजे आधी देवाकडून आलेला निरोप आणि मग माणसाची हाक. घरात माळ म्हणतानासुद्धा तसंच वाटून घेतात, एकाने पहिला भाग सांगायचा, बाकीच्यांनी दुसरा.

हे वाटून घेणं किती मोठी गोष्ट आहे ते मला माझे बाबा गेले तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी शेजारीपाजारी माळेला यायचे, ओटीवर चटया, बाहेर अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मेणबत्ती पंख्याने विझू नये म्हणून कुणीतरी पंखा बंद केलेला आणि सगळे घामाघूम. एका संध्याकाळी आई म्हणाली आज मी सांगते. दुसऱ्या रहस्यापर्यंत, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले जे प्रसंग आठवत माळ म्हणतात त्यातल्या दुसऱ्यापर्यंत, नीट सांगितलं आणि मग एका मण्यावर तिचा आवाजच बसला, अर्ध्या वाक्यात. कुणी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही, रडू नकोस म्हटलं नाही, दाराशी बसलेल्या शेजारच्या मावशीने नुसता दुसरा भाग उचलला आणि सगळ्या अंगणाने तिच्यामागे तो म्हटला. पुढच्या मण्याला आई परत अडली, परत तेच. असं करत करत ते दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, पूर्ण झालं, आईने त्यातली अर्धी वाक्यंसुद्धा पुरी केली नव्हती तरी.

आसरा म्हणतात तो मला तिथे दिसला. तुमच्या वाटचं तुम्हाला जमत नसेल तर दुसरा कुणीतरी म्हणतो, आणि प्रार्थना थांबत नाही.

मरियेला उद्देशून केलेल्या अगदी जुन्या प्रार्थनांपैकी एक ग्रीक भाषेत पपायरसच्या तुकड्यावर सापडली, तो तुकडा इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या रायलँड्स लायब्ररीत आहे. काही अभ्यासक तो तिसऱ्या शतकातला मानतात, काही नंतरचा. त्यात लांबलचक स्तुती नाही, देवमाते, तुझ्या दयेच्या आश्रयाला आम्ही येतो, आमच्या संकटात आमच्या विनवणीकडे पाठ फिरवू नकोस, आम्हाला धोक्यातून सोडव, एवढंच. आणि बघा, 'मी' नाही, 'आम्ही'. ही प्रार्थना आजही म्हटली जाते, संकटातल्या माणसाला तेव्हा जे मागायचं होतं तेच आज मागायचं असतं.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी गेलात तर हेच दिसेल. १९४८ पासून तिथे निरंतर सहाय्य मातेची, म्हणजे मरियेचीच, नोवेना ही विनवणीची प्रार्थना चालते, आणि रांगेत सगळ्या धर्माची माणसं असतात. कुणाला तिथे धर्म विचारत नाहीत.

आता बाहेरगावी असलेल्यांसाठी. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी लोरेटोच्या लितानीत, म्हणजे मरियेला वेगवेगळ्या नावांनी हाक मारत म्हणतात त्या प्रार्थनेत, तीन नवीन हाका घातल्या, त्यातली एक स्थलांतरितांचा दिलासा अशी आहे. आपली किती पोरं आज गल्फमध्ये, कॅनडात, बोटीवर आहेत. आता व्हिडिओ कॉलवर माळ म्हणतात, आवाज मागेपुढे होतो, इकडचा दुसरा भाग तिकडे पोचेपर्यंत तिकडून पुढची नमो मरिया सुरू झालेली असते, सगळा गोंधळ, तरी म्हणा, अजिबात सोडू नका.

एक मात्र सांगते, हा मेसेज इतक्या जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल असं माउलीच्या नावाने जे फॉरवर्ड येतात ना, त्याचा आणि प्रार्थनेचा काही संबंध नाही, ते डिलीट करा. माउली धमकी देत नाही. आणि झोप उडालीय, जगावंसं वाटत नाही असं असेल तर डॉक्टरकडेही जा, माळ खिशात घेऊन जा.

लक्ष लागत नाही म्हणून घाबरू नका. पाच दशकांना वीसेक मिनिटं लागतात, तेवढं जमत नसेल तर एकच दशक म्हणा. आज गुरुवार, म्हणजे प्रकाशाची रहस्यं, पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये दिलेली. पहिलं रहस्य यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा. माळ हाताशी नसेल तर दहा बोटं आहेतच. पहिला भाग मी सांगते, दुसरा तुम्ही म्हणा, आणि ज्यांना आज म्हणवत नाहीये त्यांनी नुसतं ऐकत बसा, तुमच्या वाटचं बाकीचे श्रोते म्हणतील.