क्वांटम युगाची मुदत आणि यंत्राने केलेली यादी

बँकेचे व्यवहार, रुग्णालयातील नोंदी आणि दूरवरच्या उपकरणांना पाठवली जाणारी सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती या सर्वांचे संरक्षण आज मुख्यतः दोन गणिती कोड्यांवर विसंबून आहे: अतिप्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधणे आणि डिस्क्रीट लॉगॅरिदम, म्हणजे घात करून भागल्यावर उरलेल्या बाकीवरून मूळ घातांक, काढणे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक ही दोन्ही कोडी सोडवू शकेल, हे गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले. तसा संगणक अद्याप बनलेला नाही. पण यांतल्या पहिल्या कोड्यावर उभ्या असलेल्या आरएसए या प्रचलित पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली फोडण्यासाठी सुमारे २ कोटी क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीची मूलभूत एकके) लागतील, असा २०१९ मधला अंदाज मांडणारे संशोधक क्रेग गिडनी यांनीच २०२५ मध्ये तो १० लाखांच्या आत आणला. शिवाय हल्लेखोराला तोवर स्वस्थ बसण्याचे कारण नाही. कूटबद्ध माहिती आज चोरून साठवता येते आणि क्वांटम संगणक हाती आल्यावर उघडता येते.

क्वांटम संगणकालाही दाद देणार नाहीत असे मानले जाणारे पर्याय तयार आहेत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये गुप्त किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केईएम आणि डिजिटल स्वाक्षरीसाठी एमएल-डीएसए व एसएलएच-डीएसए ही तीन मानके जाहीर केली. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने आखलेल्या वेळापत्रकात २०२८ पर्यंत शोध आणि नियोजन, २०३१ पर्यंत सर्वाधिक महत्त्वाच्या प्रणालींचे स्थलांतर आणि २०३५ पर्यंत उरलेले सर्व काम असे टप्पे आहेत.

यांतला पहिला टप्पा कागदावर सर्वांत सोपा दिसतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. जुने कूटलेखन, म्हणजे माहिती कूटबद्ध करण्याची पद्धत, नेमके कोठे दडले आहे, हे मोठ्या संस्थांनाही सहसा ठाऊक नसते. ते कधी बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअर संचात असते, तर कधी कारखान्यातील नियंत्रक उपकरणात कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये (फर्मवेअरमध्ये). लाखो ओळींचा कोड आणि नेटवर्कवरील संदेशांची देवाणघेवाण तपासून अशी ठिकाणे हेरण्यात आणि त्यांची यादी करण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता खरोखर उपयोगी पडते. परंतु ती आत्मविश्वासाने चुकतेही, आणि यादीतून निसटलेल्या ठिकाणाची उणीव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लेखापरीक्षकाने यादीबरोबरच ती कोणत्या साधनाने केली, काय तपासले नाही आणि शेवटी कोणत्या माणसाने तिची पडताळणी केली, याची नोंदही मागितली पाहिजे.

नव्या पद्धतींवरही आंधळा विश्वास नको. निस्टच्या निवडप्रक्रियेत चौथ्या फेरीपर्यंत पोहोचलेली साइक ही पद्धत २०२२ मध्ये दोन संशोधकांनी साध्या संगणकावर मोडली, तीही निव्वळ गणिताच्या बळावर. दुसरीकडे, उपकरणाच्या वीजवापरातील चढउतारांवरून गुप्त किल्ली हुडकण्यासाठी संशोधक डीप लर्निंग हे कृत्रिम बुद्धिमत्तेतील तंत्र वापरू लागले आहेत. गणित अभेद्य राहिले तरी त्याची अंमलबजावणी फुटू शकते, एवढा त्याचा अर्थ.

नियमनात मात्र क्वांटम धोका आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे दोन विषय वेगवेगळ्या फायलींत पडून आहेत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यातील १५ वे कलम उच्च जोखमीच्या प्रणालींकडून सायबर सुरक्षेची अपेक्षा करते. प्रशिक्षणाच्या डेटात विष कालवणे आणि मॉडेलला फसवणारे इनपुट देणे यांचा त्यात उल्लेख आहे, क्वांटम धोक्याचा नाही. वैद्यकीय उपकरणातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल दहा-पंधरा वर्षे वापरात राहू शकते. त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीची सत्यता आरएसए पद्धतीच्या डिजिटल स्वाक्षरीवरून ठरत असेल, तर ती स्वाक्षरी बनावट करणाऱ्याला त्या उपकरणात स्वतःचे मॉडेल बसवता येईल. स्वाक्षरीची पद्धत बदलण्याची सोय उपकरण विकण्यापूर्वीच सिद्ध करावी, ही अट त्याच कायद्याच्या तांत्रिक मानकांत घालता येण्याजोगी आहे.