पाणथरीची किंमत ३० रुपये

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे ‘पाणथरी काढल्यावर घ्यायची काळजी’. पाणथरी म्हणजे प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन. तिकडे येतोच, पण आग्र्यावरून.

साल १८७६. फुलर नावाचा इंग्रज वकील रविवारी सहकुटुंब चर्चला निघालेला. कटवारू या मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या नोकराला, गाडी दाराशी आणायला उशीर झाला. फुलरने त्याच्या डोक्यावर, तोंडावर चपराका मारल्या, केस धरून ओढलं. तो पडला, उठला, शेजारच्या आवारात गेला आणि तिथेच मेला. शवविच्छेदनात पाणथरी फुटलेली निघाली. डॉक्टरांनी साक्ष दिली की ती इतकी वाढली होती, जराशा माराने फुटली असती. मॅजिस्ट्रेट लीड्स यांनी दंड केला ३० रुपये, तो विधवेला द्यायचा. न भरल्यास १५ दिवस कैद. व्हाइसरॉय लिटननी लीड्सना जाहीर झापलं, तर इथले इंग्रज लिटनवरच उखडले! आणि हा खटला एकटा नव्हे. साहेबाचा बूट आणि नोकराची पाणथरी, अशी प्रकरणं त्या काळात वरचेवर कोर्टात येत.

आता, डॉक्टर खोटं बोलले का? नाही, गोम तिथेच आहे. निरोगी पाणथरी साधारण १५० ग्रॅमची, डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड सुरक्षित. वारंवार हिवताप झाला की ती फुगते, बरगड्यांखालून पोटात उतरते, वरचं आवरण ताणून पातळ होतं. मग लहानसा धक्काही पुरतो. पण म्हणून मारणारा सुटतो कसा? सभागृहात वकील असतील तर त्यांनी सांगावं, फी नंतर बघू.

कोर्टाने निदान ३० रुपये तरी लावले. आम्ही सर्जन मंडळींनी तेवढेही लावले नाहीत. स्वित्झर्लंडचे थिओडोर कोखर घ्या. थायरॉइड पूर्ण काढली की माणूस सुजतो, मंदावतो, हे १८८३ मध्ये त्यांनीच मांडलं. १९०९ चं नोबेल त्याच ग्रंथीवरच्या कामासाठी. अवयव ‘फुकटचा’ समजून काढला की काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तेच कोखर लिहून गेले की पाणथरीला इजा झाली तर काढून टाका, काही बिघडत नाही! पुढे कित्येक वर्षं तेच चालू. १९५२ मध्ये किंग आणि शूमॅकर यांनी पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांमधला भयंकर जंतुसंसर्ग दाखवला, तेव्हा कुठे डोळे उघडले. १९६८ मध्ये टोरांटोतल्या कामावरून सिम्पसन आणि आपले दिल्लीच्या ‘एम्स’चे उपाध्याय यांनी मांडलं की मुलांत पाणथरीचा रक्तस्राव पुष्कळदा आपोआप थांबतो. म्हणजे पोट उघडायची घाई नको.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे, तेव्हा भराभर.

दुचाकीवरून पडलात, हँडल डाव्या बरगड्यांखाली लागलं आणि डावा खांदाही दुखतोय, तर तो खांद्याचा मुका मार समजू नका. पोटातलं रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की कळ खांद्यात येते. नाडी आणि रक्तदाब स्थिर असेल तर सीटी स्कॅन, सक्त देखरेख, पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन. गरज पडली तर कॅथेटरने रक्तवाहिनी बंद करतात. रक्तदाब सावरतच नसेल तर मात्र शस्त्रक्रिया, तिथे हट्ट नको. घरी सोडल्यावरही काही दिवसांनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून खेळ आणि ओझी काही आठवडे बंद. काढताना सर्जनची नजर स्वादुपिंडाच्या शेपटीवर हवी. ती अगदी चिकटून असते आणि दुखावली तर पाचकरस गळतो. प्लेटलेट्सच्या आजारासाठी काढत असाल तर छोट्या जादा पाणथऱ्याही शोधा, नाहीतर आजार उलटतो.

पाणथरी काढणाऱ्याला लशी तीन, तीन जंतूंविरुद्ध: न्यूमोकोकस, मेनिंजोकोकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी). ठरवून शस्त्रक्रिया असेल तर किमान १४ दिवस आधी, तातडीची झाली तर साधारण १४ दिवसांनी. फ्लूची दरवर्षी. लहान मुलांना रोज पेनिसिलिन, किमान पाच वर्षांची होईपर्यंत. हिवतापाच्या भागात जाताना प्रतिबंधक गोळ्या.

आणि पाणथरी नसताना येणारा ताप. १००.४ च्या वर गेला की ‘उद्या बघू’ नाही. जवळ दिलेलं अँटिबायोटिक घ्या आणि थेट रुग्णालय गाठा, कारण हा संसर्ग एक-दोन दिवसांत माणूस नेतो. कुत्रा चावला तर रेबीजच्या लशीबरोबर अँटिबायोटिकही मागा. पाणथरी नाही, हे प्रत्येक डॉक्टरला तोंडाने सांगा. पोटावरच्या व्रणावरून कळेल म्हणून गप्प राहू नका. दुर्बिणीतून काढलेली असेल तर व्रण शोधावा लागतो.