वादळानंतर पेटेल अशी चूल: घरात ठेवायची लाकडाची शेगडी

(घराबाहेरच्या ओट्यावर जांभ्याचा चिरा, त्यावर शेगडी. शेजारी काटक्यांचं पोतं.)

नमस्कार मंडळी. ही स्टीलची छोटी शेगडी लाकडावर चालते आणि ट्रेकच्या सॅकमध्ये सहज मावते. आज पेटवून दाखवणार आहे. ट्रेकवाल्यांना उपयोग होईलच, पण हा व्हिडिओ मी मुख्यतः किनारपट्टीवर राहणाऱ्यांसाठी करतेय, आणि तोही मे महिन्यात, मुद्दाम.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. रस्त्यांवर झाडं पडलेली, मग सिलिंडरची गाडी येणार कुठून? पुढच्याच वर्षी, २२ जुलैला, चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी वाटतं, एवढी झाडं पडलीत, सरपणाला काय तोटा? पण ते सगळं ओलं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, कारण त्याची बरीचशी धग त्याच्यातलंच पाणी उडवण्यात जाते. ते नीट सुकायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून सांगते, शेगडी विकत आणणं सोपं आहे. खरी तयारी म्हणजे पाऊस पडायच्या आत भरून ठेवलेलं सुकं सरपण.

आता जरा आत बघा. (कॅमेरा जवळ.) हिला दोन भिंती आहेत. खालच्या भोकांतून हवा आत जाते. थोडी जाळीतून थेट लाकडाला मिळते, बाकीची दोन भिंतींच्या मधून वर चढते, चढता चढता तापते आणि काठाखालच्या या बारीक भोकांतून बाहेर पडते. आपण ज्याला धूर म्हणतो त्यात न जळलेले वायू असतात. त्यांना तिथे गरम हवा मिळाली की तेही पेटतात. म्हणून जाळ चांगला लागला की धूर अगदी कमी होतो. मात्र लाकूड या वरच्या भोकांच्या खालीच राहिलं पाहिजे. त्यावर भरलंत की धूर सुरू.

काटक्या अंगठ्याएवढ्या जाड, बोटभर लांब. मोडताना 'कट्ट' आवाज आला पाहिजे. वाकली, तर ती काटकी बाजूला ठेवा. आता वरून पेटवायचं. नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या, नाहीतर व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळा वर ठेवा आणि काडी लावा. जाळ वरून खाली उतरत जातो. रॉकेल नाही, पेट्रोल तर मुळीच नाही.

सरपण कोणतं? सुरूच्या काटक्या, आंब्याच्या ढलप्या, सुकलेल्या करवंट्या. करवंटी फार छान जळते, पण एका वेळी थोडीच घाला, जाळ एकदम उसळतो. कण्हेर अजिबात नको, तिचा धूर विषारी असतो. रंग दिलेली फळी आणि प्लायवूडही नको. सगळं कोरडं करून झाकणाच्या पिंपात भरा आणि पिंप माळ्यावर ठेवा. पुराच्या गावात खाली ठेवलेलं सरपण पहिल्याच दिवशी भिजतं.

आता हे नीट ऐका. बाहेर पाऊस कोसळत असतो, म्हणून माणसं शेगडी घरात घेतात आणि दारं-खिडक्या लावतात. असं करू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत माणूस दगावतो. तंबूतही हाच धोका. उघडी पडवी, मांडव, घराबाहेरचा ओटा, जिथे वारा खेळता आहे तिथेच पेटवा. खाली चिरा किंवा वीट हवीच. सह्याद्रीत हिवाळ्यानंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात तर विस्तव पेटवणं कायद्याने गुन्हा ठरू शकतो. वनखात्याला आधी विचारा, नाहीतर पायथ्याच्या गावात, कुणाच्या अंगणात परवानगीने स्वयंपाक करा.

संकटात पहिलं काम पाण्याचं. गढूळ पाणी कापडातून गाळा, खळखळून उकळी आली की आणखी एक मिनिट उकळू द्या. तेल किंवा रसायन मिसळलेलं पुराचं पाणी मात्र उकळूनही पिण्याजोगं होत नाही.

मग मुगाची खिचडी. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा. चांगली उकळी आल्यावर पाचेक मिनिटं शिजू द्या, झाकण घट्ट लावून पातेलं उतरवा आणि जाड गोधडीत गुंडाळून ठेवा. उरलेलं शिजणं आतल्या वाफेवर होतं, तेवढ्या काटक्या वाचतात. पातेल्याला बाहेरून आधीच ओल्या राखेचा लेप द्या, काजळी लगेच निघते.

तुमच्या गावात पावसाळ्यासाठी कोणतं सरपण भरून ठेवतात आणि ते कोरडं कसं राहतं, खाली नक्की लिहा. वसई-पालघरकडच्या वाड्यांतली पद्धत मला विशेष जाणून घ्यायची आहे.