‘समजलं का?’ विचारून समजत नाही

नमस्कार श्रोतेहो.

नर्स काय करते, असं कुणालाही विचारा. इंजेक्शन देते, सलाईन लावते, ड्रेसिंग करते, बीपी बघते, हीच उत्तरं येतील आणि ती खरीही आहेत. पण ही कामं चालू असतानाच ती आणखी एक काम करत असते. ती शिकवत असते. वॉर्डात आम्ही पाळीपाळीने चोवीस तास जे बघतो, ते घरी गेल्यावर रुग्णाला स्वतः बघायचं असतं, नाहीतर घरातल्या एखाद्या माणसाला. त्यातला कुणी हे शिकून आलेला नसतो.

रुग्णालयात ऐकलेलं डोक्यात राहत नाही, याचं कारण बुद्धी कमी असणं हे नसतं. दुखत असतं, झोप झालेली नसते, मनात भीती असते, त्यात शब्द अनोळखी. या विषयावर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय लेखात म्हटलं आहे की, सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, आणि जी आठवते तिच्यातलीही जवळपास निम्मी चुकीची आठवते. शिकलेसवरलेले लोकही याला अपवाद नाहीत.

म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्न मला अगदी निरुपयोगी वाटतो. त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. कुणाला संकोच असतो, कुणाला सिस्टर घाईत दिसते, आणि कुणाला खरोखरच आपल्याला समजलंय असं वाटत असतं. त्यापेक्षा विचारावं, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कधी आणि कशी घ्याल, जरा सांगा बरं.” यात परीक्षा रुग्णाची नाही, सांगणाऱ्याची आहे. उत्तर चुकलं, तर आम्ही दुसऱ्या शब्दांत सांगतो आणि पुन्हा विचारतो. या पद्धतीला ‘टीच-बॅक’ म्हणतात.

काही गोष्टी तर नुसत्या तोंडी विचारूनही चालत नाहीत, करूनच दाखवाव्या लागतात. दम्याचा पंप घ्या. रुग्ण सांगताना सगळं बरोबर सांगतो, पण पंप हातात दिला की आधी दाबतो आणि मग श्वास घेतो. औषध जिभेवर आणि घशात बसतं, फुप्फुसापर्यंत फारसं जातच नाही. आराम पडत नाही, म्हणून औषध वाढवायची वेळ येते, आणि चूक मात्र हाताची असते. पंप हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास आत घ्यायला लागतानाच पंप दाबायचा, श्वास तसाच खोल घेत राहायचं आणि मग साधारण १० सेकंद रोखून धरायचा. हा मेळ हाताला जमला नाही, तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घेता येतो. पंपात स्टेरॉइड असेल, तर नंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

इन्सुलिनचंही असंच. एका ठिकाणी टोचलेलं कमी दुखतं असं लक्षात आलं की माणूस रोज तिथेच टोचतो. हळूहळू कातडीखाली गाठ धरते, तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि साखर कधी वर, कधी खाली जाते. अनुभवी नर्स आधी पोटावरून बोटं फिरवून ती गाठ शोधते, रुग्णाचाच हात तिच्यावर ठेवून ती दाखवते, आणि मग दर वेळी निदान बोटभर अंतर सोडून टोचायला शिकवते.

शिकवण्याची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे डिस्चार्जचा दिवस. सामान बांधलेलं, गाडी खाली थांबलेली, नातेवाईक बिलाच्या रांगेत. त्या गडबडीत हातात छापील कागद देणं याला मी शिकवणं म्हणत नाही. सुरुवात दाखल झाल्यापासूनच व्हावी, एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगाव्यात, आणि घरी जो खरोखर करणार आहे त्यालाच समोर बसवावं. वॉर्ड भरला की सगळ्यात आधी हेच काम मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं. ड्युटी लावताना औषधांच्या वेळा धरतात, तसा शिकवण्याचाही वेळ धरायला हवा.

सांगणंही मोघम नको. ‘जखमेकडे लक्ष ठेवा’ म्हणजे नेमकं काय बघायचं? कडेची लाली पसरतेय का, हात लावला तर गरम लागतं का, पू येतोय का, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलाय का. हृदय कमजोर असलेल्याला सांगायचं, की रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि श्रोतेहो, सिस्टरने विचारलं नाही, तर तुम्हीच म्हणा, “मी सांगते, बरोबर आहे का बघा.” कुणी रागावणार नाही. वाचता येत नसेल, चष्मा घरी राहिला असेल, ऐकू कमी येत असेल, तर तेही सांगा. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढूनही वेळा दाखवता येतात. रात्री शंका आली तर फोन कुणाला करायचा, तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि मगच वॉर्डातून निघा.

नमस्कार.