नावात लपलेलं बंदर: मुड्रॉस

समजा, एका ब्रिटिश घराण्याच्या वंशावळीत १९१५ साली जन्मलेल्या मुलीचं मधलं नाव आहे ‘मुड्रॉस’. घरच्यांना वाटतं, कुणा पूर्वजाचं आडनाव असेल. पण मुड्रॉस हे बंदर आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कितीतरी बाळांना व्हर्डन, मॉन्स अशी रणभूमीची नावं ठेवली गेली. ही मुलगी त्यांच्याच पंगतीतली.

(नकाशा) हे ग्रीसचं लेम्नॉस बेट. दक्षिणेकडून आत शिरलेली ही खोल खाडी बघा, तेच मुड्रॉस. तुर्कस्तानातली डार्डानेल्सची सामुद्रधुनी इथून जवळ, म्हणून गॅलिपोली मोहिमेचा, म्हणजे ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांनी ऑटोमन (तुर्की) साम्राज्यावर केलेल्या चढाईचा, तळ इथे पडला. २५ एप्रिल १९१५ च्या चढाईआधी खाडी जहाजांनी भरून गेली होती. बेटावर मात्र प्यायच्या पाण्याचीसुद्धा मारामार!

आता शोध कसा घ्यायचा? आधी जन्मदाखला काढा. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो. तिथे ‘खलाशी’ दिसलं, की लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली (ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार) एडीएम १८८ ही मालिका गाठा; ‘एडीएम’ म्हणजे अ‍ॅडमिरल्टी, नौदल खात्याची कागदपत्रं. खलाशांच्या सेवानोंदी तिथे आहेत.

इथे जरा जपून. नोंदीत पेम्ब्रोक, व्हिक्टरी, विव्हिड अशी नावं येतात आणि माणूस ती जहाजं शोधत बसतो. बहुतेक वेळा ती किनाऱ्यावरच्या तळांची नावं असतात: अनुक्रमे चॅटम, पोर्ट्समथ आणि डेव्हनपोर्ट. पण ‘युरोपा’ दिसलं तर मला खरंच आनंद होतो, कारण ती युद्धनौका १९१५ पासून मुड्रॉसमध्येच मुक्कामाला होती. दुसरं जहाज असेल, तर नेमणुकीच्या तारखा उतरवून घ्या आणि एडीएम ५३ मधलं त्याचं लॉगबुक उघडा. जहाज कोणत्या दिवशी कुठे होतं, ते त्यात लिहिलेलं असतं.

आणि जन्म १९१८ च्या अखेरचा असेल तर? मग गोष्ट वेगळी असू शकते. ३० ऑक्टोबर १९१८ ला याच बंदरात, अ‍ॅगमेम्नॉन युद्धनौकेवर, ऑटोमन साम्राज्याशी शस्त्रसंधी झाली. तेव्हा वडील नौदलात सापडले नाहीत, तर शोध थांबवू नका. लष्कराच्या नोंदी उघडा. मेसोपोटेमियात किंवा पॅलेस्टाइनमध्ये लढणाऱ्या सैनिकाची लढाईसुद्धा त्याच सहीने थांबली होती.