ड्यूकचा कारभारी: जॉन गिल्बर्ट आणि वर्स्लीचा कालवा

मित्रहो, अठराव्या शतकातल्या इंग्लंडविषयी आपण वाचतो ते बहुधा लढायांचे, पार्लमेंटचे आणि यंत्रांचे. हे सगळे ज्या जमिनीच्या उत्पन्नावर उभे होते ती जमीन रोजच्या रोज कोण सांभाळत होते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आज मी जॉन गिल्बर्ट या माणसाविषयी बोलणार आहे. तो ब्रिजवॉटरच्या तिसऱ्या ड्यूकचा, म्हणजे फ्रान्सिस एगर्टनचा, लँकेशरमधल्या वर्स्ली येथील कारभारी होता. वर्स्लीचा कोळसा मँचेस्टरला पोचवणाऱ्या कालव्यापासून इंग्लंडमध्ये कालव्यांचे युग सुरू झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि त्या कालव्याच्या हकिकतीत दोन नावे ठरलेली असतात: पैसा घालणारा ड्यूक आणि बांधकाम करणारा जेम्स ब्रिंडली. ही दोन्ही नावे योग्यच आहेत. परंतु हा कालवा मुळात जमीनजुमल्याच्या कारभारातून निघाला आणि कारभाराच्या बळावरच तडीस गेला असे माझे मत आहे, आणि म्हणून तिसरे नाव त्यांच्या बरोबरीने घ्यायला हवे.

आधी हे कारभारीपण काय होते ते पाहू. मोठ्या इंग्लिश जमीनदाराची जमीन सहसा एका जागी नसे. ब्रिजवॉटर घराण्याचा वाडा ॲशरिजला, लंडनच्या वायव्येस. काही जमीन श्रॉपशरमध्ये, काही नॉर्थॅम्प्टनशरमध्ये आणि वर्स्ली पार उत्तरेला. शिवाय घराण्याची जमीन वारसा-करारांनी बांधलेली असे, त्यामुळे हयात मालकाला ती वाटेल तशी विकता येत नसे. तिच्यातून काढायचे ते उत्पन्न आणि तिच्या आधारावर उभारायचे ते कर्ज. मालक लंडनला किंवा वाड्यावर, आणि जमिनीवर त्याच्या वतीने कारभारी, अशी ही व्यवस्था होती. मार्चच्या २५ तारखेला आणि सप्टेंबरच्या २९ तारखेला खंडाचे हप्ते येत, ते वसूल करून त्यांची पै-पै जमाखर्चात मांडणे हे त्याचे दिसणारे काम. परंतु भाडेपट्ट्यात कोणत्या अटी घालायच्या, कुळाने शेतात चुना किती टाकायचा, कोणते कुंपण कोणी दुरुस्त करायचे, ओकची कोणती झाडे तोडणीला आली आहेत, कोणाची थकबाकी एका हंगामापुरती सोसायची आणि कोणाचा पट्टा पुन्हा करायचा नाही, हे सगळे निर्णय त्याचेच असत. निवडणुकीच्या वेळी कुळांची मते मालकाच्या बाजूला वळवणे हेही त्याच्याच गळ्यात पडे. पूर्वी हे काम पुष्कळदा एखादा वकील आपल्या इतर कामांबरोबर करी आणि वर्षातून दोनदा जमिनीवर येई. शतकाच्या मध्यानंतर मात्र जमिनीवरच राहणारा, मोजणी जाणणारा, खाण आणि शेती या दोहोंत गती असणारा पूर्णवेळ कारभारी अधिकाधिक दिसू लागतो. गिल्बर्ट हा या नव्या जातीचा माणूस.

त्याचा जन्म १७२४चा, स्टॅफर्डशरमधल्या कॉटन गावचा. घरची थोडी जमीन होती आणि चुनखडीच्या खाणींत हितसंबंध होता. लहान वयातच त्याला बर्मिंगहॅमच्या एका धातुकाम करणाऱ्या कारखानदाराकडे उमेदवारीला पाठवले. हा कारखानदार म्हणजे पुढे वाफेच्या इंजिनांमुळे प्रसिद्धीस आलेल्या मॅथ्यू बोल्टनचा पिता. वडील वारल्यावर गिल्बर्ट गावी परतला आणि चुन्याचे काम पाहू लागला. थोरला भाऊ टॉमस वकील झाला, लॉर्ड गॉवरचा मुख्य कारभारी झाला आणि १७६३ पासून पार्लमेंटचा सदस्यही झाला. गॉवर हा ड्यूकचा मेव्हणा. या नात्यांच्या साखळीतून १७५०च्या दशकाच्या अखेरीस जॉन वर्स्लीला आला. त्याच्याकडे विद्यापीठाचे शिक्षण नव्हते. खाणीत उतरून पाणी कुठून झिरपते ते ओळखण्याचे शिक्षण मात्र होते.

ड्यूक त्या वेळी जेमतेम बाविशीतला. १७३६चा जन्म, बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास पदवी वाट्याला आलेली, तरुणपणी युरोपचा प्रवास केलेला आणि त्यात फ्रान्समधला भूमध्य समुद्राला जोडणारा मोठा कालवा पाहिलेला. सुंदर म्हणून गाजलेल्या एलिझाबेथ गनिंगशी ठरलेले त्याचे लग्न १७५८ मध्ये मोडले आणि त्याने लंडनच्या समाजाकडे पाठ फिरवली. प्रेमभंगामुळे इंग्लंडला कालवे मिळाले, ही कथा लोकांना फार आवडते. मला ती अपुरी वाटते, कारण तिच्यात वर्स्लीच्या खाणीतले पाणी नाही.

खरी अडचण ती होती. वर्स्लीच्या टेकडीखाली कोळशाचे भरपूर थर होते, परंतु खणत गेले की पाणी भरे. ते बाहेर काढण्यासाठी आधीच्या पिढीत एक उताराचा भूमिगत नाला खणला होता, तरी खोल थरांना तो पुरेसा नव्हता. दुसरी अडचण वाहतुकीची. मँचेस्टर काही मैलांवर होते, पण वाईट रस्त्यांवरून घोड्यांच्या पाठीवर कोळसा नेणे महाग पडे, आणि नदीच्या मार्गावर तिथली जलवाहतूक ताब्यात असलेल्या मर्सी-आयर्वेल कंपनीची पट्टी बसे. पहिल्या ड्यूकने १७३७ मध्ये वर्स्लीचा ओढा जलवाहतुकीयोग्य करण्याची परवानगी पार्लमेंटकडून मिळवली होती, पण प्रत्यक्षात काही झाले नाही. म्हणजे खाणीला पाणी नको होते आणि वाहतुकीला पाणी हवे होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वह्यांत दोन वेगवेगळ्या खात्यांवर पडत होत्या. गिल्बर्टने ती खाती एकत्र केली. टेकडीच्या पोटात सपाट पातळीचा रुंद बोगदा खणायचा, खाणीतले पाणी त्यात उतरू द्यायचे, त्या पाण्यातूनच कोळशाच्या होड्या बाहेर आणायच्या आणि तेच पाणी बाहेरच्या कालव्याला पुरवायचे. ही कल्पना पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली याचा पुरावा शोधत बसण्यापेक्षा तारखा पाहाव्यात असे मी म्हणेन. कालव्याचा पहिला कायदा मार्च १७५९ मध्ये मंजूर झाला आणि ब्रिंडली वर्स्लीला आला तो त्याच वर्षी जुलैमध्ये. ब्रिंडलीच्या येण्याआधीच योजना आखली गेली होती, मोजणी झाली होती आणि पार्लमेंटमधून मंजूरही झाली होती.

ब्रिंडलीचे महत्त्व मी कमी करत नाही. आयर्वेल नदीच्या काठाकाठाने मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डपर्यंत जाण्याऐवजी बार्टन येथे नदीवरूनच कालवा नेऊन थेट मँचेस्टर गाठायचे, हा बदललेला मार्ग १७६० च्या दुसऱ्या कायद्याने पक्का झाला, आणि वाहत्या नदीवर सुमारे ३८ फूट उंचीवरून होड्या नेणारा दगडी जलसेतू ही त्या काळी वेडगळ वाटणारी गोष्ट ब्रिंडलीने उभी केली. पण या जलसेतूचीच एक हकिकत ड्यूकच्या कुटुंबातून पुढे आलेली आहे. पाणी सोडण्याच्या वेळी एक कमान दबू लागली. ब्रिंडलीला तो ताण सहन झाला नाही, तो जवळच्या स्ट्रेटफर्डला जाऊन अंथरुणाला खिळला, आणि जागेवर राहिला तो गिल्बर्ट. पाणी अडवण्यासाठी कमानीवर जी मळलेली चिकणमाती ठासून भरली होती, तिचाच भार कमानीला झेपत नव्हता. त्याने ती माती काढवली, दगडकामाला बसू दिले, मग पेंढ्याचे आणि नव्याने मळलेल्या मातीचे थर आलटून पालटून घातले. १७ जुलै १७६१ रोजी, म्हणजे आपल्याकडे पानिपताला सहा महिने उलटून नानासाहेबांच्या मागून माधवराव गादीवर येत होते तेव्हा, पहिली कोळशाची होडी बार्टनच्या पुलावरून नदी ओलांडून गेली.

मँचेस्टरमध्ये ७ पेन्सला मिळणारा तेवढाच कोळसा साडेतीन पेन्सला मिळू लागला असे सांगतात. कायद्यातच ड्यूकवर ४ पेन्सहून जास्त दर न लावण्याचे बंधन होते. या अटीकडे कारभाऱ्याच्या नजरेने पाहा. मालकाचा माल स्वस्त विकण्याचे लेखी वचन देणे हे वरवर तोट्याचे, परंतु शहराचा पाठिंबा त्यानेच मिळाला, आणि खपाचा आकडा इतका वाढणार होता की दर उतरूनही उत्पन्न चढावे. हा हिशेब चुकला नाही.

पैशाची बाजू मात्र वर्षानुवर्षे तंग होती, आणि गिल्बर्टचे मोठेपण मला सर्वांत जास्त इथे दिसते. १७६२ मध्ये कालवा रनकॉर्नपर्यंत, म्हणजे लिव्हरपूलकडे जाणाऱ्या भरतीच्या पाण्यापर्यंत, वाढवण्याची परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून खर्च थांबेचना. नॉर्टनच्या जमीनमालकाने हरकतींवर हरकती घेतल्यामुळे मधला एक तुकडा रखडला आणि सगळा मार्ग १७७६ मध्ये पुरा झाला. ब्रिंडली त्याआधीच, १७७२ मध्ये, वारला होता. एकूण खर्च सुमारे २,२०,००० पौंड झाला असे मानले जाते. ड्यूकने स्वतःचा खर्च वर्षाला ४०० पौंडांवर आणला. १७६५ मध्ये कालव्याच्याच तारणावर लंडनच्या चाइल्ड पेढीकडून २५,००० पौंड उचलले. त्याआधी असे दिवस होते की ड्यूकची ५०० पौंडांची हुंडीही कोणी वटवायला तयार नव्हते. त्या दिवसांत गिल्बर्ट घोड्यावर बसून ड्यूकच्या कुळांच्या दारोदार जाई आणि कोणाकडून ५, कोणाकडून १० पौंड उसने घेऊन मजुरांच्या पगाराची भर करी, अशी आठवण एकोणिसाव्या शतकात छापली गेली. एरवी खंड मागायला येणारा माणूस उसने मागायला येतो आणि कूळ त्याला देते, हे ड्यूकच्या सहीवर घडले नाही. कारभारी आपल्या शब्दाला जागतो, हे त्या कुळांनी अनुभवले होते.

आता टेकडीच्या पोटातला तो बोगदा जिथून सुरू होतो त्या वर्स्लीच्या खडकाकडे जाऊ. डेल्फ नावाची ती वाळूच्या दगडाची जुनी खाण आजही गावात आहे. तिच्या कड्यात दोन बुटकी तोंडे दिसतात आणि खाणीतल्या लोहयुक्त गाळाने तिथले पाणी गेरूसारखे तांबूस झालेले असते. आत गेलेले भूमिगत कालवे वाढत वाढत सुमारे ४६ मैलांचे झाले, निरनिराळ्या पातळ्यांवर पसरले. त्यांत चालणाऱ्या होड्या लांबट आणि साडेचार फूटभर रुंद. त्यांच्या आतल्या फासळ्या उघड्या दिसत म्हणून लोक त्यांना ‘उपाशी’ म्हणत. माणसे छताला पाय लावून किंवा भिंतीतल्या कड्यांना धरून त्या पुढे सरकवत. कोळसा खोक्यांत भरलेला असे, आणि मँचेस्टरला कासलफील्डच्या टेकडीखाली होडी पोचली की पाणचक्कीच्या बळावर चालणारी यारी तीच खोकी वर रस्त्यापर्यंत उचले. माल मध्ये कुठेही हाताने उपसावा लागत नसे. हे सगळे ज्या हातांनी चाले त्यांत बायका आणि मुलेही होती. ब्रिटनच्या खाणींत स्त्रिया आणि दहा वर्षांखालची मुले यांना जमिनीखाली कामाला लावण्यास बंदी झाली ती १८४२ मध्ये. स्वस्त कोळशाचा हिशेब मांडताना ही बाजू वहीत धरली गेली नव्हती आणि गिल्बर्टही त्याला अपवाद नव्हता.

त्याच्यावर आणखी एक आक्षेप घेता येतो. मालकाची चाकरी करत असतानाच तो स्वतःचेही धंदे करत होता. १७६४ मध्ये गॉवर आणि दोघे गिल्बर्ट बंधू यांनी मिळून श्रॉपशरमध्ये खाणी आणि कालव्यासाठी भागीदारी केली. चेशरमधल्या मार्स्टनच्या मिठाच्या खाणीत आणि बॉरोडेलच्या पेन्सिलीच्या शिशाच्या खाणीतही त्याचा भाग होता. मार्स्टनच्या मिठाला कालव्यांचा फायदा होणार हे उघड होते. आजच्या नियमांनी हा हितसंबंधांचा संघर्ष ठरेल. त्या काळी मात्र जमीनदार स्वतःच आपल्या कारभाऱ्यांना भागीदार करून घेत, कारण खाणीच्या जोखमीत ज्याचे स्वतःचे पैसे अडकले आहेत तो अधिक जपून सल्ला देईल अशी त्यांची समजूत होती. ड्यूकने त्याच्यावरचा विश्वास अखेरपर्यंत ठेवला, आणि मला त्या विश्वासाला तडा जाईल असे काही दिसत नाही.

गिल्बर्ट ऑगस्ट १७९५ मध्ये वर्स्लीलाच वारला. ड्यूक आठ वर्षांनी, १८०३ मध्ये, गेला. त्याच्या मृत्युपत्रात कारभाऱ्याच्या पदाविषयीचे त्याचे मत स्पष्ट दिसते. कालवा, खाणी आणि वर्स्लीची जमीन त्याने एका विश्वस्त मंडळाकडे सोपवली आणि त्या मंडळाच्या अधीक्षकाला जवळजवळ संपूर्ण सत्ता दिली. वारस असलेल्या गॉवर घराण्याला फक्त नफा मिळायचा. कारभारात बोलण्याचा अधिकार नव्हता. पहिला अधीक्षक रॉबर्ट हॉल्डेन ब्रॅडशॉ १८३४ पर्यंत त्या पदावर होता आणि तो कोणाचे ऐकत नसे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेची योजना पुढे आली तेव्हा ब्रॅडशॉने तिला कडाडून विरोध केला. गॉवर घराण्यातला, नफ्याचा धनी असलेला लॉर्ड स्टॅफर्ड त्याला आवरू शकत नव्हता. अखेर १८२५ मध्ये स्टॅफर्डने आपला स्वतःचा कारभारी जेम्स लॉक याच्या सल्ल्याने, स्वतःच्याच कालव्याशी स्पर्धा करणार असलेल्या त्या रेल्वेचे १,००,००० पौंडांचे भाग, म्हणजे तिच्या भांडवलाचा पाचवा हिस्सा, विकत घेतला.