दुर्योधनाची मांडी

नायकांचे प्रकार म्हटलं की संस्कृतच्या तासाला पाठ केलेले चार खण आठवतात: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. दहाव्या शतकात धनंजयाने ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात ते नीट आखून दिले. पहिल्यात राम, दुसऱ्यात वीणेत रमणारा उदयन, तिसऱ्यात कफल्लक पण दिलदार चारुदत्त. चौथा खण गमतीचा आहे. गर्विष्ठ, मत्सरी, कपटी, वर स्वतःचीच टिमकी वाजवणारा! म्हणजे, मंडळी, आपण ज्याला खलनायक म्हणून निकालात काढू, त्याच्यासाठीही शास्त्रकारांनी नायकपदाची सोय ठेवली होती.

ती सोय ‘ऊरुभंगा’त कशी वापरलीय बघा. संस्कृत पंडित गणपतिशास्त्रींनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्राचीन नाटककार भासाची म्हणून जी तेरा संस्कृत नाटकं छापली, त्यातलं हे एक. ती सगळी भासाचीच का, हा वाद आज उकरत नाही. नाटकात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध दिसतच नाही. तीन सैनिक येऊन ते सांगतात, रेडिओवरच्या कॉमेंट्रीसारखं. पराक्रम फक्त कानांवर पडतो. डोळ्यांपुढे येतो तो मांड्या मोडलेला, हातांवर सरपटणारा माणूस.

मग त्याचा लहानगा दुर्जय रणांगणात बापाला शोधत येतो. चालून चालून दमलेला. सवयीने मांडीवर बसायला जातो आणि दुर्योधन त्याला अडवतो. दुसरीकडे कुठेही बस बाळा, ही जागा आता तुझी नाही. भरसभेत द्रौपदीला दाखवली होती, तीच ही मांडी. नाटककार ते बोलून दाखवत नाही. प्रेक्षकाला ठाऊकच असतं आणि तरी त्याचा जीव तुटतो.

शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’मध्ये वेगळी युक्ती केली. कर्ण बोलतोच, शिवाय कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि कृष्णही ‘मी’ म्हणून बोलतात. कादंबरीच्या चाहत्यांचा राग पत्करून सांगतो, मला हे सहाही जण एकाच भरजरी मराठीत बोलताना ऐकू येतात. तोंडं बदलली, बोली तेवढी बदलली नाही.

ती बदलून दाखवली हरिभाऊ आपट्यांनी, त्याआधी पाऊणशे वर्षं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. धनंजयाच्या कुठल्याच खणात तिची नायिका यमू बसायची नाही. हाती शस्त्र नाही, तोंडी प्रतिज्ञा नाही. आहे ते दादाशी भांडण, सासरचा जाच, मग वैधव्य. सांगणारी यमू हे सगळं भोगून बसलीय. पण लहानपणचं सांगताना तिचा आवाज पुन्हा पोरीचा होतो, पुढचं काहीच माहीत नसल्यासारखा. ‘ऊरुभंगा’त सगळं ठाऊक असतं प्रेक्षकाला, अजाण असतो तो दुर्जय. इथे सगळं ठाऊक आहे यमूला, आणि दुर्जयच्या जागी बसलाय पुढच्या अंकाची वाट बघणारा ‘करमणुकी’चा वाचक.